साठपैकी दोन

४ फेब्रुवारी, मंगळवार

बावीस वर्षं गणिताचा क्लास चालवतोय. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला आजवर भोपळा मिळालेला नाही. आज मिळाला, आणि तो माझ्याच घरात आला.

खारूच्या वर्गशिक्षिकेनं शाळेत बोलावून घेतलं आणि सराव परीक्षेची उत्तरपत्रिका समोर ठेवली. पहिल्या पानावर नाव, क्रमांक, विषय, दिनांक. समास पट्टीनं आखलेला, दोन्ही बाजूंनी. पुढची पंधरा पानं कोरी.

"समास छान आखलाय," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"तीन तास तिनं पेनाचं टोपण काढलं नाही," बाई म्हणाल्या. "हात बर्फासारखे गार पडले होते. त्याआधी बाथरूममध्ये उलटी झाली. आणि हे पहिल्यांदा नाही, सर. तिसऱ्यांदा होतंय."

मी म्हणालो, गणिताचा पेपर इतक्या सकाळी ठेवणं मुळातच चुकीचं आहे. दोन बरोबर तीन असं सिद्ध करून दाखवणाऱ्या पोराकडे मी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं: बाल व युवा मनःस्वास्थ्य केंद्र. "इथं जा. लवकर जा."

खारू म्हणजे आमची एकुलती एक. वय पंधरा वर्षं चार महिने. लहानपणी पेन्सिली गालात धरून घरभर हिंडायची, म्हणून खारू. घरी आल्यावर तिला शांतपणे विचारलं (बायको म्हणते, अजिबात शांतपणे नाही), "एकही गणित येत नव्हतं?"

"सगळी येत होती."

"मग?"

"येत होती म्हणूनच, बाबा."

या उत्तराला पायऱ्या नव्हत्या. असल्या उत्तराला मी गुण देत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे जबडे हाताळून आल्यावर घरी कुणी उगाच जबडा हलवलेला तिला चालत नाही. मी तिला शाळेच्या चुका क्रमवार सांगितल्या. सातव्या चुकीला ती म्हणाली, "झालं? आता चिठ्ठीवरच्या जागी फोन करा. नाही लागला तर दुसरीकडे करा. पण करा."

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या बॅचला गणितं घालून फोनला बसलो. केंद्राचा फोन गुंतलेला.

मुलांचा दवाखाना: "आम्ही चौदापर्यंतच घेतो." मोठ्यांचा विभाग: "अठरा पूर्ण आहेत का?" मी विचारलं, चौदा ते अठरा या काळात माणसाला मन नसतं काय? पलीकडच्या बाई "एक मिनिट हं" म्हणाल्या आणि सतरा मिनिटं मला बासरी ऐकवली. वाजवणारा बरा होता.

मग तरुणांची हेल्पलाइन. एक मुलगा गोड आवाजात म्हणाला, "ही सेवा फक्त तरुणांसाठी आहे. आपलं वय?"

"एक्कावन्न."

"मग मुलीलाच फोन द्या ना, काका."

"ती बाथरूममध्ये आहे."

"बाहेर आल्यावर द्या."

त्याला खारू माहीत नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत क्लासची बॅच बसली की ती पुस्तक घेऊन आत जाते आणि शेवटचं पोर चपला घालून गेल्यावरच बाहेर येते. मागे मी विचारलं होतं, आत एवढा वेळ काय करतेस? म्हणाली, "आत तुमचा आवाज अर्धाच येतो." खरंच आहे. दार जुन्या लाकडाचं, भक्कम आहे. हल्ली असली दारं मिळत नाहीत.

एका खासगी तज्ज्ञांकडे ऑक्टोबरची तारीख मिळत होती. मी म्हणालो, तोपर्यंत ती सोळाची होईल. "चालेल की," त्यांची मदतनीस म्हणाली, "आम्ही सोळाच्याही घेतो."

शेवटी केंद्राचा फोन लागला. "आधी प्राथमिक चाचणी असते. वीस प्रश्न. त्यातल्या गुणांवरून पुढचं ठरतं."

चाचणी! गुण! दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. इतका वेळ हे लोक परक्या मुलखातलं बोलत होते. हा तर माझाच मुलूख निघाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

केंद्र म्हणजे एक लांबट खोली, भिंतींना नुकताच दिलेला फिकट हिरवा रंग, पाय डगडगणाऱ्या खुर्च्या आणि टोकाला काचेची खिडकी. खिडकीमागच्या बाई न बघता शिक्का मारतात. नेम एकदाही चुकत नाही.

मी विचारलं, "अभ्यासक्रम काय आहे?"

"कशाचा?"

"चाचणीचा."

"अहो, मनाची चाचणी आहे ती."

"ते झालंच. पण कितवीपर्यंतचं विचारतात?"

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि शिक्का स्वतःच्या वहीवर पडला. म्हणाल्या, "तिकडे फलकावर लावलीय. बघून घ्या."

फलकावर काचेमागे चक्क वीसच्या वीस प्रश्न! "हा नमुना का?" "नमुना कशाला? हीच चाचणी." "म्हणजे पेपर आधीच फुटलाय?" "फुटायचंय काय त्यात? उत्तरं ज्याची त्यालाच ठाऊक असतात."

इतकी ढिसाळ परीक्षापद्धत मी जन्मात बघितली नव्हती. सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले. शेजारी एक प्लंबर बसला होता, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा शाळेत दीड वर्षात एक शब्द बोललेला नाही, घरी मात्र पाण्याच्या टाकीत तोंड घालून तासन्‌तास बोलतो. प्लंबर म्हणाला, "सर, काय उतरवताय? मलाही द्या ना. आम्ही अडाणी माणसं, चाचणी म्हटलं की पोटात गोळा येतो."

मी म्हणालो, नोट्स तयार झाल्या की देतो. अनुभवी माणसाकडे लोक आपोआप येतात.

खारूची तारीख पुढचा सोमवार. हातात सहा दिवस. पुरेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत तीच, जी बावीस वर्षं यशस्वी ठरली आहे. आधी विद्यार्थ्यानं पेपर स्वतःच्या मनानं सोडवायचा. मग आदर्श उत्तरांशी ताडून चुका दुरुस्त करायच्या.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, रोज. खारूनं वीस प्रश्न सात मिनिटांत सोडवले. हात गार पडले नाहीत, पोटातही ढवळलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. मुलगी मन लावून लिहीत होती. शेवटी पेनाला टोपण लावून म्हणाली, "झालं. बरं वाटलं."

तपासायला घेतला आणि डोक्याला हात लावला. 'झोप नीट लागत नाही': रोज. 'छातीत धडधडतं': रोज. 'आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो असं वाटतं': रोज. वीसपैकी बारा ठिकाणी रोज! लाल पेननं एकेक फुली मारली. त्या शेवटच्यासमोर लिहिलं, 'चूक. प्रश्न नीट वाच.'

"बहुपर्यायी प्रश्नात टोकाचा पर्याय सहसा चुकीचा असतो," मी समजावलं. "'रोज' हा शब्द दिसला की सावध व्हायचं."

"पण मला रोजच वाटतं, बाबा."

"वाटणं वेगळं, उत्तर वेगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मुद्दा पोचला असावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी उत्तम. आता ती न बघता 'कधीच नाही' ला खूण करते. मी बारीकसारीक खुब्याही शिकवल्या. वीसच्या वीस 'कधीच नाही' लिहिले तर तपासणाऱ्याला संशय येतो. म्हणून दोन ठिकाणी 'क्वचित' घालायचं. कुठे घालायचं तेही ठरवून दिलं: भूक आणि डोकेदुखी. ही घरंदाज दुखणी आहेत.

बायको दारातून डोकावून विचारत होती, काय चाललंय? मी म्हणालो, तयारी. "बरं," म्हणाली, "जास्त ताणू नका तिला." तिला बीजगणित वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चाचणी झाली. चार मिनिटांत बाहेर! बाकीची पोरं आत पेन चावत बसलेली.

परत येताना विचारलं, कसा गेला पेपर? म्हणाली, "सोपा होता." एवढंच. पुढे रस्ताभर फुटपाथच्या फरश्या मोजत होती. मोजणं चालू आहे म्हणजे गणिताची गोडी शाबूत आहे.

प्लंबरला नोट्स दिल्या. चार पानं: सराव प्रश्नपत्रिका, सूचना, आदर्श उत्तरं आणि 'ऐनवेळी घ्यायची काळजी'.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निकाल. खिडकीतल्या बाईंनी कागद सरकवला. साठपैकी दोन.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. साठपैकी दोन! माझी मुलगी! मी तिथल्या तिथे उत्तरपत्रिका मागितली, तपासनीसाचं नाव मागितलं.

"अहो, ओरडताय काय?" बाई म्हणाल्या. "कमी गुण म्हणजे चांगलं. शून्य, एक, दोन, तीन असे गुण असतात. 'रोज' ला तीन. केंद्र सुरू झाल्यापासून एवढे कमी कुणालाच पडले नव्हते."

म्हणजे नीचांक हाच उच्चांक! बाईंना दोनदा धन्यवाद दिले, येताना आईस्क्रीमचा मोठा डबा घेतला. घरी आल्याआल्या जाहीर केलं, "खारू केंद्रात पहिली!"

बायको लॅबमधून घरी आणलेल्या कुणाच्या तरी खालच्या जबड्याला घासकाम करत होती. "पहिली म्हणजे? मदत कधीपासून मिळणार?"

मी कागद वाचून दाखवला. 'सदर बालिकेस कोणत्याही साहाय्याची आवश्यकता नाही.'

ती जबडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. दोन्ही जबड्यांपैकी कुठला जास्त उघडा होता, सांगता येणार नाही.

"तुम्ही तिचा क्लास घेतलात?"

"सहा दिवस."

"अहो, आपल्याला काही होत नाही असं सांगायचा क्लास घेतलात? जिला होतंय तिचा?"

"पण ती पहिली..."

"आईस्क्रीम फ्रीजमध्ये ठेवा," ती म्हणाली. "आणि थोडा वेळ माझ्यासमोर येऊ नका."

खारूनं आईस्क्रीम खाल्लं नाही. म्हणाली, "बाबा, मी आता बरी आहे ना? मग सोमवारी शाळेत जावंच लागेल." आणि उठून बाथरूममध्ये गेली. बॅच नसताना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फेरतपासणीचा अर्ज दिला. विषय: 'गुण वाढवून मिळणेबाबत'. म्हणजे प्रकृती उतरवून मिळणेबाबत. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "एवढे चांगले गुण पडलेत आणि तुम्ही रडताय? फेरचाचणी तीन महिन्यांनी."

"तोवर ती आणखी बिघडली तर?"

"मग गुण वाढतील आपोआप," बाई म्हणाल्या. त्यांचा शिक्का या वाक्याच्या मध्येच पडला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खारू शाळेत गेली नाही. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून आहे. मी दाराशी उभं राहून म्हटलं, ऊठ बेटा. आतून आवाज आला, "कधीच नाही." मग जरा थांबून, "क्वचित."

माझं मलाच हसू आलं. बायकोला नाही आलं.

३ मार्च, सोमवार

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी: 'केंद्राच्या मनाच्या चाचणीच्या हमखास नोट्स मिळतील. लेखक: अनुभवी सर.' प्लंबरनं माझ्या चार पानांची प्रत इथेच काढली असणार. आत बारा-तेरा पालक रांगेत. एक आजोबा दुकानदाराला विचारत होते, "यात 'रडू येतं' हा प्रश्न सुटत नाहीये, सरांचा क्लास कुठे असतो?"

मी छत्री उघडून चेहरा झाकला आणि सटकलो. ऊन होतं, पाऊस नव्हता, लोक बघत होते.

५ मार्च, बुधवार

प्लंबर भेटला. पोराला साठपैकी एक. "सर, तुमच्यामुळे!" म्हणाला. "कागदच दिला त्यांनी, पोरगा ठणठणीत म्हणून." त्याचे डोळे पाणावलेले. जरा वेळानं म्हणाला, "पण सर, ठणठणीत झाला तर बोलत का नाही अजून?"

मी म्हणालो, मला बॅच आहे. बॅच नव्हती.

१० मार्च, सोमवार

बायकोनं खारूला दुसरीकडे कुठे दाखवता येईल का ते बघण्यासाठी लॅबमधून आठवडाभर फोन केले. दर ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "केंद्राचा निकाल काय?" तिनं सांगितलं की उत्तर, "अरे वा! मग काय प्रश्न आहे?" मुलीचं गुणपत्रक इतकं झगझगीत आहे की तिच्याकडे कुणाला बघताच येत नाही.

काल बायको खारूच्या खोलीत बसली होती. बाहेर आली आणि म्हणाली, "ती विचारत होती, सरांच्या मुलीला एखादं गणित चुकलं तर क्लास बंद पडतो का?"

"काहीतरीच! असं कुणी सांगितलं तिला?"

"तुम्ही. ती सहावीत असताना. चारचौघांत, सगळ्या बॅचसमोर."

ते मी गमतीनं म्हटलं होतं. सगळी पोरं हसली होती. खारूसुद्धा हसली होती, माझ्या स्पष्ट लक्षात आहे.

१२ मार्च, बुधवार

केंद्रात गेलो तर खुर्च्या रिकाम्या. फलकावरची चाचणी काढलेली, तिथे संचालकांचा हसरा फोटो आणि खाली मजकूर: 'प्रतीक्षा यादी ४१२ वरून ९ वर! भिंतींच्या हिरव्या रंगाचा बालमनावर झालेला विलक्षण परिणाम.' हाच रंग आता सगळ्या कचेऱ्यांना लावणार आहेत.

खिडकीतल्या बाई शिक्क्याला शाई भरत होत्या. मारायला कागदच नव्हते. म्हणाल्या, "एक तारखेपासून केंद्र बंद. मुलं बरी झाली ना सगळी. या खोलीत जुन्या फायली येणार, समुपदेशक बाईंची बदली."

"आणि ते नऊ जण?"

"त्यांना लिहिता-वाचता येत नाही अजून. लहान आहेत."

म्हणजे माझ्या नोट्स ज्यांना वाचता आल्या नाहीत, तेवढेच आजारी उरले.

बावीस वर्षं शंभर टक्के निकालाची पाटी दारावर आहे. आज पहिल्यांदा निकाल खरोखर शंभर टक्क्यांजवळ गेला, आणि मला बसायला खुर्ची हवीशी वाटली. खुर्च्या भरपूर होत्या.

१३ मार्च, गुरुवार

समुपदेशक बाईंकडे गेलो. वय फार तर तिशीचं, खोलीत बाहुल्या, वाळूची पेटी आणि पुढ्यात शब्दकोडं. मी दारातच म्हणालो, "बाई, पेपर मी फोडला."

"बसा," त्या म्हणाल्या. "कुठला पेपर?"

सगळं सांगितलं. नोट्स, खुब्या, भूक आणि डोकेदुखी. मला वाटलं, पोलिसांना बोलावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इतका वेळ हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पंधरा दिवस मला वाटतंय की आता माझी कुणाला गरज नाही. मी तर बेकरीचा कोर्स करायचं ठरवलं होतं." हसणं संपलं तरी डोळे पुसणं चालूच होतं.

"तुमच्या मुलीनं स्वतः काय लिहिलं असतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, स्वतः लिहिलेलं आहे की. पद्धतच आहे आमची. पहिला पेपर विद्यार्थ्याच्या मनानं. मी एकही तपासलेला पेपर टाकत नाही, बावीस वर्षांचे आहेत.

"घेऊन या. आत्ता."

घरी जाऊन फाइल काढली. बाईंनी तो कागद वाचला. माझ्या लाल फुल्या, माझ्या सूचना. एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. 'चूक. प्रश्न नीट वाच' पाशी बोट थांबलं. मी भिंतीकडे बघत होतो. हिरव्या रंगानं मला काडीचंही बरं वाटलं नाही.

"एकोणपन्नास," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गुण वाचून दाखवले आणि कितीपैकी ते मी विचारलं नाही.

"ती उद्या येऊ शकेल?"

"निकालाचं काय? तीन महिन्यांचा नियम..."

"तो नियम फेरचाचणीचा आहे. ही तर पहिली चाचणी," बाई म्हणाल्या. "दुसरी तुमची होती."

पण एक तारखेनंतर त्या इथे नसणार. आणि बदलीच्या गावाला खारू जाणार कशी?

१५ मार्च, शनिवार

काल खारू जाऊन आली. पन्नास मिनिटं. मी बाहेर बसलो. दाराला कान लावायला उठलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी हवेत शिक्का उगारला.

परत येताना मी काही विचारलं नाही. अगदी काही नाही. फक्त "बाईंनी किती प्रश्न विचारले?" एवढंच.

"एक," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी रडले."

एका प्रश्नाला पन्नास मिनिटं! तरी चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. रस्त्यात आपणहून म्हणाली, "बाबा, पुढच्या शुक्रवारीपण आहे ना?" आहे, म्हणालो. त्याच्या पुढच्या शुक्रवारचं बोललो नाही.

१७ मार्च, सोमवार

पहाटे दात घासताना सुचलं. माझ्या नोट्सच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत काय आहे? 'प्रथम विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने सोडवावे.' म्हणजे ज्या ज्या घरात नोट्स गेल्या, त्या त्या घरात एक खरा पेपर पडलेला असणार. कपाटात, गादीखाली, रद्दीत. चारशे खरे पेपर!

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "सर, गावातल्या निम्म्या घरांचे नळ मी ओळखतो. चला."

१९ मार्च, बुधवार

तीन दिवस बॅचला सुट्टी. प्लंबर बेल वाजवतो, "गळतंय का काही?" विचारतो, दार उघडलं की मी म्हणतो, "नमस्कार, अनुभवी सर." काहींनी पाय धरायची तयारी केली. काहींनी दार लावलं. एका आईनं आम्हाला उभं करून ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन डब्याखालचा कागद काढला, आणि तिथेच पहिल्यांदा नीट वाचला. मग खालीच बसली. प्लंबर तिचा गळका नळ दुरुस्त करत राहिला. मी पाना धरला.

प्लंबरच्या पोराचाही पेपर निघाला. त्यानं खुणा केल्याच नव्हत्या. प्रत्येक प्रश्नासमोर टाकी काढली होती, कुठे भरलेली, कुठे रिकामी, एक वाहून जाणारी. मी आदर्श उत्तरपत्रिका करताना हे बघितलं असतं तर शून्य दिलं असतं. प्लंबरनं तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

एकूण जमा: दोनशे त्रेसष्ट.

२० मार्च, गुरुवार

संचालकांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. मागे प्लंबर, बायको (लॅबमधून अर्धी सुट्टी काढून, एप्रनसकट) आणि चाळीसेक पालक.

संचालक कागद चाळत गेले. चेहऱ्यावरचा फोटोतला माणूस हळूहळू कमी होत गेला. "म्हणजे... रंगाचा काही संबंध नव्हता?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "सगळं माझं यश आहे."

बायकोनं मागून माझा शर्ट ओढला.

"पण मी नऊ कचेऱ्यांसाठी रंग मागवलाय," संचालक कळवळून म्हणाले.

"लावा की," बायको म्हणाली. "पण केंद्र बंद करायचं असेल तर यांच्यासमोर सांगा. हे तोंड वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि मी तर जबडेच बनवते." या वाक्याचा अर्थ मलाही नीट कळला नाही, पण संचालकांना कळला. त्यांनी केंद्र बंद करण्याचा आदेश 'पुढील सूचनेपर्यंत' मागे घेतला. खिडकीतल्या बाईंनी त्यावर एकापाठोपाठ तीन शिक्के मारले. एकच लागतो.

प्रतीक्षा यादी आता दोनशे बहात्तर. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यादी वाढली म्हणून टाळ्या वाजवणारे पालक मी पहिल्यांदाच बघितले.

४ एप्रिल, शुक्रवार

खारूची चौथी भेट. दुसरी समुपदेशक मिळावी म्हणून पालकांनी अर्ज केलाय. मसुदा माझा. बायकोनं तपासून निम्मा छाटला.

घरी आल्यावर खारू म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. बाईंसमोर म्हणून बघितलं, जमलं. आता तुमच्यासमोर म्हणते. मध्ये बोलू नका."

मी मध्ये बोललो नाही.

"घरात क्लास नको. मला घरी आल्यावर घरी यायचंय."

मी बायकोकडे बघितलं. ती हातातल्या जबड्याकडे बघत होती. मी म्हणालो, "कधीपासून वाटतंय तुला असं?"

"रोज," खारू म्हणाली.

मी काहीतरी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

क्लास झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हलवला. प्लंबरनं बाकं उतरवून दिली, त्याच्या पोरानं खडूची पेटी. जाताना पोरगा माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी वाकून विचारलं, काय रे? त्यानं पुन्हा सांगितलं नाही. एकदा बोलला, बास झालं.

दुपारी भिंतीवरचा मोठा फळा काढला आणि मागे चक्क खिडकी निघाली. बावीस वर्षांपूर्वी मीच झाकली असणार. काच धुतली. खारू खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली. अर्धा तास झाला तरी बसलेलीच.

शाळेची हुकलेली परीक्षा जूनमध्ये देता येईल, द्यायची की नाही ते तिनं ठरवायचं आहे. काल तिला पुन्हा उलटी झाली, नुसत्या वेळापत्रकाकडे बघून. समुपदेशक बाई म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. विचारून बघितलं, सूत्रही नाही म्हणतात.

मी म्हणालो, "काय करतेस?"

"काही नाही."

"मलाही बसू दे?"

तिनं पाय सरकवून जागा केली. "बसा. पण काही शिकवायचं नाही."

बसलो. समोर एक झाड, एक सायकल, एक बाई गॅलरीत चादर झटकत होती. चादर आयताकृती होती. परिमिती तोंडावर आली होती, गिळली. एकूण सहा मिनिटं गप्प होतो.

खारू म्हणाली, "सुरुवातीला एवढं जमलं तरी पुष्कळ आहे, बाबा. उद्या परत बसू."